वडिलांच्या मृत्यूची तारीख

व्हायोला आंटींचे वडील आयरिश होते, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो विषय कुणी काढत नसे. आंटींचे डोळे राखाडी होते आणि उन्हातून आल्या की नाकावर तांबूस ठिपके उठायचे. एवढंच. बाकी त्या आमच्याइतक्याच गिरगावच्या. बोंबील घेताना कोळणीशी माझ्या आईपेक्षा सरस भांडायच्या. मी दहावीनंतर त्यांच्याकडेच टायपिंग शिकले, बँकेत लागले, तेव्हापासून आमचं जाणंयेणं. माझी नोकरी संपली, आई गेली, तरी संध्याकाळचा चहा आंटींच्या गॅलरीत घ्यायचा हे चालूच राहिलं.

त्यांच्या आईचं नाव रोझलिन. घराणं मुंबईचं मूळचं ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच जुने ख्रिस्ती, घरात मराठी. लढाईच्या दिवसांत तिने थॉमस गेरटीशी चर्चमध्ये लग्न लावलं. तो परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. पंचेचाळीस साली व्हायोला झाली. अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला गेरटी बॅलार्ड पिअरवरून बोटीत बसला. तिकडे घर बघतो, काम बघतो, मग तुम्हाला बोलावून घेतो, म्हणाला. रोझलिनला तेव्हा दिवस गेलेले होते. पावसाळ्यात मुलगा झाला, फ्रान्सिस. पुढल्या वर्षी रोझलिनने काळे कपडे घातले आणि वाडीत सांगितलं, नवरा तिकडे तापाने गेला.

मग तिने कॉन्व्हेंटच्या मुलींचे युनिफॉर्म शिवले. उन्हाळ्यात गॅलरीत मिरच्या भाजून, लालबागला दळून आणून बाटल्यांत मसाला ठासून विकला. आणि दरवर्षी नोव्हेंबरात, मेलेल्यांची आठवण करायच्या महिन्यात, नवऱ्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ठेवला. तिच्यामागे तो आंटींनी चालू ठेवला. फक्त एक गोष्ट त्यांना सलायची. आईचा दिवस माहीत होता, नवऱ्याचा, ॲलॉयशियस अंकलचा, माहीत होता. वडिलांचा नव्हता.

"ज्या दिवशी माणूस गेला त्या दिवशी मिस्सा हवा," त्या म्हणायच्या. "नोव्हेंबरचा काय, सगळ्यांचाच असतो."

दीड वर्षापूर्वी त्यांच्या मुलीने, कॅरिसाने, शोधून काढलं की आयर्लंडच्या सरकारने जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं इंटरनेटवर टाकलीत. फुकट. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर वर्षांपूर्वीची, मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे. नाव घालायचं, गाव घालायचं, की यादी येते, आणि यादीतल्या नावावर बोट ठेवलं की त्या पानाचा फोटोच समोर. कॅरिसा विम्याच्या ऑफिसात काम करते, तिला वेळ नव्हता. तिने घरातला लॅपटॉप आईपुढे ठेवला आणि शिकवलं. आंटींना कळफलक काय नवीन नव्हता.

वडिलांचा जन्म सापडायला वेळ लागला, कारण गेरटी हे नाव तिकडे दहा तऱ्हांनी लिहितात. पण रोझलिनच्या लग्नाच्या दाखल्यावर वराच्या बापाचं नाव होतं बर्नार्ड, आणि गॉलवे परगण्यातलं एक गाव. एका संध्याकाळी मी गेले तर आंटी दारातच उभ्या होत्या.

"सापडला. एकोणीसशे चौदा. ये, बघ!"

पिवळसर पानावर तिरक्या अक्षरांत तो होता. बाप बर्नार्ड, शेतमजूर. जन्माची खबर आईने दिली होती आणि सही येत नसल्याने तिथे फुली होती. आंटींनी त्या फुलीवर बोट ठेवलं. "माझी आजी," म्हणाल्या. पंचाहत्तरी उलटलेली बाई, पण आवाज असा, जणू शाळेतून बक्षीस घेऊन आली आहे. त्या दिवशी त्यांनी मला जेवूनच सोडलं.

आता फक्त मृत्यू शोधायचा होता. त्यांच्या हिशेबाने तो अठ्ठेचाळीस नाहीतर एकोणपन्नासचा. अठ्ठेचाळीसला नव्हता. एकोणपन्नासलाही नव्हता.

"मम्मा, एकदम सगळी वर्षं टाक ना," कॅरिसा म्हणाली. "पार चौऱ्याहत्तरपर्यंत टाकता येतात. एका मिनिटाचं काम आहे."

"नको. पुढचं कशाला? ते तेव्हाच गेले."

त्यांनी पन्नास साल टाकलं. मग दुसऱ्या दिवशी एक्कावन्न. रोज एकच वर्ष बघायचं, असं त्यांनी ठरवून घेतलं. एका वर्षात पाच-सहा थॉमस गेरटी निघायचे, प्रत्येकाचं पान उघडून वय, गाव, धंदा ताडून बघायचा. कुणी ऐंशीचा म्हातारा, कुणी तान्हं पोर. आपला नाही म्हटलं की लॅपटॉप बंद.

सुरुवातीला मी म्हणायचे, रजिस्टरात चूक असेल, बोटीवर गेले असतील, तर तिथे नोंद कशी सापडेल. त्या मान हलवायच्या. पण बावन्न गेलं, त्रेपन्न गेलं, आणि मला समजायला लागलं की आपण काय बघतोय. तो ज्या वर्षाच्या मेलेल्यांत नाही, ते वर्ष तो जगलाय. त्यांनाही समजलं असणार. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो. चहा पीत होतो.

पंचावन्नची संध्याकाळ मला चांगली आठवते. त्या दिवशी त्यांनी चहा टाकलाच नव्हता. मी गेले तेव्हा यादी उघडी होती, सगळी पानं बघून झाली होती. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते.

"यातही नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग उद्या छप्पन बघू."

"फ्रान्सी पंचावन्नला गेला, रुपाली."

भावाबद्दल त्या कधी बोलत नसत. घटसर्प झाला होता. सात वर्षांचा होता. कस्तुरबा हॉस्पिटलात नेईपर्यंत घसा बंद झाला होता. शिवडीला पुरून आल्यावर रोझलिन खाटेवर बसली, दहा वर्षांच्या व्हायोलाला जवळ घेतलं आणि म्हणाली, रडू नको, पपा आहेत तिकडे. त्याचं बोट धरतील. त्याला एकटं नाही वाटणार.

"मी ते धरून बसले," आंटी म्हणाल्या. "किती वर्षं. रात्री मला भीती वाटायची, मातीखाली तो काय करत असेल. मग मी म्हणायची, पपा आहेत. आता हे बघ. पपा इथे होते." त्यांनी पडद्यावर टिचकी मारली. "गॉलवेला. जेवत असतील. कामावर जात असतील. फ्रान्सी एकटाच होता तिकडे."

मी उठून चहा केला. तो तसाच निवला.

मला वाटलं आता त्या थांबतील. थांबल्या नाहीत. उलट रोज दोन-दोन वर्षं बघायला लागल्या, आणि बघताना बोलायला लागल्या. एकसष्टला आईचे डोळे गेले, सुईत दोरा ओवता येईना, मी शाळा सोडली. चौसष्टला टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये लागले, मालक हातावर हात ठेवायचा, आईला सांगितलं तर म्हणाली, बापाविना पोर आहेस, सांभाळून राहा. सत्तरला लग्न झालं, चर्चमध्ये मामाने हात धरून नेलं, आई पहिल्या रांगेत काळ्या साडीत. सत्तर साली तो छप्पन वर्षांचा होता आणि त्या वर्षाच्या मेलेल्यांतही तो नव्हता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुकानदाराने उधारी वाचून दाखवावी तसा आवाज.

एकाहत्तरमध्ये तो सापडला.

त्या दिवशी रविवार होता, कॅरिसा घरी होती. आंटींनी पान उघडलं आणि हाक मारली नाही, नुसत्या मागे सरकल्या. कॅरिसाने वाकून मोठ्याने वाचलं. गाव तेच. थॉमस गेरटी, पुरुष, विवाहित, वय सत्तावन्न, रेल्वे फिटर. हृदयविकार. ऑक्टोबरची एकोणीस तारीख. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव असतं. तिथे ती अडखळली.

"वाच," आंटी म्हणाल्या.

"व्हायोला गेरटी. मुलगी. मृत्यूच्या वेळी हजर."

खाली वाडीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"मी तर नव्हते तिथे," आंटी म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू मी त्यांच्यावर आळ घेतला होता. "मी इथे होते. गिरगावात. मी कुठे हजर होते?"

आधी कॅरिसाच्या लक्षात आलं. तिने आईला बाजूला केलं आणि लग्नांची रजिस्टरं उघडली. फार शोधावं लागलं नाही. एकोणपन्नासचा फेब्रुवारी, त्याच गावचं चर्च. वधू नोरा, कुमारी, शिवणकाम. वर थॉमस गेरटी, फिटर. त्याच्या नावापुढे, अविवाहित की विधुर लिहायच्या रकान्यात, शाईने ठसठशीत लिहिलं होतं, विधुर.

"विधुर?" कॅरिसा ओरडली. "आजी इथे युनिफॉर्म शिवत होती! तिला मारून टाकलं त्याने? आणि तुला? आणि तुझं नाव उचलून त्या दुसरीला दिलं?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

"ऐकू दे!"

"फेब्रुवारीत फ्रान्सी सहा-सात महिन्यांचा होता," आंटी म्हणाल्या. "त्याला दात येत होते. आई रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन फिरायची." मग त्यांनी विचारलं, "आईला काळे कपडे घालायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तो गेला नव्हता. मग तो गेला म्हणून तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तार नाही, माणूस नाही. तिने आपणच ठरवलं."

"तिला खरंच वाटलं असेल, आंटी. वाट बघून बघून."

"किंवा कळलं असेल. वर्कशॉपमधला कुणी परत आला असेल, बोलला असेल. टाकलेली बाई म्हणवून घेण्यापेक्षा विधवा बरी."

"मग तिने मिस्सा ठेवला असता?" कॅरिसाने विचारलं.

"ठेवला असता. लोकांना दिसायला नको?"

यातलं खरं काय ते सांगणारं आता कुणी नव्हतं.

आंटींनी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं. तारीख मिळाली होती. कॅरिसाच्या दृष्टीने ते सुरूच झालं नव्हतं. तिने फोनवरच शोधाशोध केली. त्या गावच्या चर्चचं फेसबुकचं पान होतं. तिथे एका फोटोत व्हीलचेअरमध्ये बसलेली एक पांढऱ्या केसांची बाई, हातात केक, खाली नाव. व्हायोला, लग्नाआधीची गेरटी. शेजारी उभा असलेला मुलगा, डेक्लन, पन्नाशीचा. कॅरिसाने तो फोटो आईला दाखवला. आंटींनी चष्मा लावून बघितला.

"माझ्यासारखी आहे?"

"नाक आहे," मी म्हटलं. होतं ते खरंच.

"लिहू का त्यांना?" कॅरिसाने विचारलं.

आंटींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "नीट लिही. काही मागतोय असं वाटू देऊ नकोस. एवढंच विचार, की ते कधी आमच्याबद्दल बोलायचे का."

कॅरिसाने लिहिलं. मी वाचलं होतं ते, चांगलं लिहिलं होतं. आठवडाभराने उत्तर आलं. सभ्य उत्तर होतं. डेक्लनने लिहिलं होतं की आईला आता काही आठवत नाही, ती नर्सिंग होममध्ये असते. आजोबा मुंबईला होते हे घरात माहीत आहे. तिथे त्यांची पहिली बायको आणि तीन वर्षांची मुलगी कॉलऱ्याने एका आठवड्यात गेल्या. त्या मुलीच्या आठवणीसाठीच माझ्या आईला ते नाव दिलं. आजोबा त्याबद्दल फार बोलत नसत, बोलले की त्यांना त्रास व्हायचा. तुमची काहीतरी गफलत होते आहे. ते मूल मेलं. हल्ली भारतातून असे निरोप बरेच येतात, तेव्हा कृपा करून पुन्हा लिहू नये.

कॅरिसा वाचत असताना आंटी भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"फ्रान्सीचं काही नाही लिहिलं?"

"त्यांना माहीतच नाही तो झालेला, मम्मा."

"हो. कसं माहीत असणार."

त्या रात्री कॅरिसाने आईला न विचारता कपाटातून कागद काढले. आंटींचा जन्माचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, आधार कार्ड, वाढदिवसाचा एक ताजा फोटो. सगळ्यांचे फोटो काढून डेक्लनला पाठवले आणि खाली लिहिलं, ही बघा मेलेली मुलगी. सकाळी बघितलं तर त्याने तिला ब्लॉक केलं होतं.

आंटींना कळल्यावर माझ्यादेखतच भांडण झालं. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं तुला? मी जिवंत आहे याचा दाखला मी त्या पोराला दाखवू?"

"मग काय, मेलेली राहणार आहेस तू त्यांच्यासाठी?"

"राहीन! त्यांनी रडून घेतलंय एकदा. माझ्यासाठी तो माणूस रडला म्हणतात ना? रडला असेल. खोटं बोलताना माणूस खरंही रडतो. पण मी तिकडे जाऊन आधार कार्ड नाचवायचं नाही. कळलं?"

कॅरिसा दार आपटून निघून गेली. दोघींत पंधरवडाभर अबोला होता, एका घरात राहून. जेवणं माझ्यामार्फत विचारली जायची.

ऑक्टोबरची एकोणीस तारीख आली आणि गेली. आंटी त्या दिवशी चर्चमध्ये गेल्याच नाहीत, गुडघा दुखतो म्हणाल्या. नोव्हेंबरात मिस्सासाठी नावं द्यायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी आईचं, अंकलचं आणि फ्रान्सीचं नाव सांगितलं. तिथला माणूस जुना, म्हणाला, "मिस्टर गेरटी राहिले, आंटी."

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि त्याला वाटलं विसरल्या असतील म्हणून त्याने सवयीने नाव लिहायला घेतलं, तेव्हा त्यांनी त्याचं पेन धरलं. "लिहू नको."

त्या हिवाळ्यात त्या खचल्या. जेवण कमी झालं. माणसांवर खेकसायला लागल्या, खाली येणाऱ्या कोळणीवरही. कॅरिसा मला जिन्यात गाठून म्हणायची, मी उगाच तो लॅपटॉप दिला. मी म्हणायचे, तू तारीख शोधायला दिला होतास. पण ते काही समाधान नव्हतं, हे आम्हाला दोघींना कळत होतं.

जानेवारीत एका दुपारी कॅरिसा ऑफिसातून लवकर आली. ती चोरून त्या गावच्या चर्चचं पान बघत राहिली होती. तिकडे कुणी गेलं की पानावर बातमी लागते, आणि अंत्यविधीचा मिस्सा इंटरनेटवर सरळ दाखवतात, लांबच्या नातेवाइकांसाठी.

"मम्मा, ती गेली. व्हायोला. परवा. आज आहे, आत्ता साडेचारला." ती दारातच उभी राहून बोलत होती. "तुला नको असेल तर नको."

आंटी उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं रागावल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चर्चला जाताना नेसायची साडी नेसली होती.

कॅरिसाने लॅपटॉप टेबलावर मांडला. कॅमेरा चर्चमध्ये वर कुठेतरी, मागच्या भिंतीला लावलेला असावा. माणसांचे चेहरे दिसत नव्हते, नुसती डोकी, आणि काळ्या-करड्या कोटांच्या पाठी. फार माणसं नव्हती. पुढे मधोमध फिकट लाकडाची पेटी. कुणीतरी सारखं खोकत होतं आणि तो खोकला आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होता.

पाद्रींनी सुरुवात केली आणि नाव घेतलं. व्हायोला. पुन्हा पुन्हा घेत होते. आपली बहीण व्हायोला. प्रभू, तुझी सेविका व्हायोला. दर वेळी आंटींची मान किंचित वर व्हायची, हाक आली की होते तशी. कॅरिसा त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आंटींनी तो झटकला नाही.

मग बहुतेक डेक्लनच असावा, तो पुढे येऊन बोलला. त्याचे उच्चार मला नीट कळले नाहीत. आई छान केक करायची असं काहीतरी, लोक हसले. आजोबांचं नाव एकदा आलं. ती त्यांची लाडकी होती, ते जाताना तिनेच त्यांचा हात धरला होता, असं तो म्हणाला. एवढं मात्र आम्हा तिघींनाही कळलं.

"बरं झालं," आंटी म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, कशाला, ते मी विचारलं नाही.

प्रार्थना आल्या तेव्हा त्या इथून उत्तरं देत होत्या, हळू, इंग्रजीत. गुडघा दुखत असूनही जिथे गुडघे टेकायचे तिथे टेबलाला धरून उभ्या राहिल्या. शेवटी सहा माणसांनी पेटी उचलली. कॅमेऱ्याखालून ती बाहेर गेली, दिसेनाशी झाली. मागोमाग माणसं गेली. दार उघडं राहिलं असावं, कारण आत पांढरा उजेड येत होता आणि वाऱ्याचा आवाज.

कॅरिसा लॅपटॉप मिटायला पुढे झाली.

"असू दे," आंटी म्हणाल्या.

रिकाम्या चर्चमध्ये एक बाई आली. तिने बाकांवरचे कागद गोळा केले, मेणबत्त्या एकेक करून विझवल्या, एक पडलेला हातमोजा उचलून बाकाच्या कडेला ठेवला. आंटी ते सगळं बघत होत्या. पडदा काळा होईपर्यंत त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.